हातातला खडू

"हे बघा, तिच्या हातात खडू आहे." वच्छलाबाईंनी मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवलं. "आमच्या वर्गाचा नियमच आहे. खडू हातात असेपर्यंत स्वतःला न पटणारी बाजू मांडायची. तीही अशी, की ऐकणाऱ्याला खरी वाटावी. मग खडू खाली ठेवायचा आणि मनातलं बोलायचं. ठेवायचा तो ज्याचा त्यानं, दुसऱ्यानं ठेव म्हणायचं नाही."

सिद्धरामने मोबाइल परत घेतला. गल्लीभर फिरलेल्या त्या व्हिडिओत मागचं-पुढचं काहीच नव्हतं. होती ती फक्त वर्गात उभी राहून ठासून बोलणारी त्याची पूनम. "मिरवणुकीतला डीजे म्हणजे भक्ती नव्हे, दमदाटी आहे." ज्या मंडळाच्या मिरवणुकीत ती लहानपणापासून नाचत आली, त्याचा अध्यक्ष तिचा बापच होता.

"मला खडू दिसतोय की, मॅडम," तो म्हणाला. "पण गल्लीला काय दाखवू? पोरं म्हणत्यात, अध्यक्षाच्या घरातच बोंब हाय. परीक्षा देऊ दे तिला. कॉलेज मात्र बंद."

"मी येते मंडळासमोर. मी सांगते सगळ्यांना."

"तुमी आलात, तर त्याचाबी व्हिडिओ निघंल."

कोपऱ्यात पूनमची आई शाळेचे गणवेश शिवत होती. खाकी कापडावर निळ्या खडूने खूण करायची, खडू मशीनवर ठेवायची, कापड सरकवायची. मशीन खडखडत होतं. तिनं मान वर केली नव्हती. पूनम तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभी होती.

बाईंना जुने वर्ग आठवले. गिरणी कामगारांची पोरं आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांची पोरं बाकांवर मुठी आपटून भांडायची. येडू नावाचा एक पोरगा होता. त्याचा बाप संपावर होता, घरात चूल पेटत नव्हती. त्यानं हातात खडू घेतला आणि मालकाची बाजू अशी मांडली, की वर्ग सुन्न झाला. मग घंटा झाली आणि सगळी एकाच ताटलीतली भजी खायला पळाली. तेव्हा वर्गातलं भांडण घंटेबरोबर संपायचं. आता ते खिशात बसून गल्लोगल्ली जातं. कालच प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, अभ्यासक्रम तेवढा शिकवा. खडू फळ्यासाठी असतो."

"तिला तरी विचारू या," बाई शेवटी म्हणाल्या. "पूनम, तुला काय वाटतं?"

"विचारा की," सिद्धराम म्हणाला. "मी काय तिचं तोंड शिवलंय?"

पूनम पुढं वाकली. मशीनवरून घसरणारं कापड तिनं सारखं केलं. मग ताठ उभी राहिली, हात ओढणीखाली घेतले.

"पप्पांचं बरोबर आहे, मॅडम. वर्गात नुसता वाद होतो आणि माणसं दुखावतात. पप्पांनी आयुष्य घालून मंडळ उभं केलं. माझ्या एका वाक्यानं त्यांची मान खाली गेली. ज्या बोलण्यानं घर मोडतं, ते बोलणं काय कामाचं? अभ्यास घरीही होतो. मी आता कॉलेजला येणार नाही. मला कुणी पढवलेलं नाही. हे माझं मत आहे."

आवाज कुठंही कापला नाही. शब्द अडला नाही. सिद्धरामचे डोळे भरून आले.

"बघा," तो हळूच म्हणाला. "शहाणी हाय माझी पोर."

दुसऱ्याच्या मताचा मान राखायचा, हे त्यांनीच जन्मभर शिकवलं होतं. बाई उठल्या. जुळे सोलापूर वसाहतीतून आणलेली रिक्षा बाहेर थांबली होती. उंबऱ्यापाशी वाकून त्या चप्पल घालू लागल्या.

मागं मशीन थांबलं.

"पूनमे, माजा खडू कुटं गेला गं? आत्ता हितं होता की."

बाई गर्रकन वळल्या. पूनम त्यांच्याकडेच बघत होती. आई मशीनखाली वाकून खडू शोधत होती. सिद्धरामही वाकला.

पूनमनं ओढणीखालची मूठ उघडली नाही.