नऊ तांबे पाणी

“ह्यालाही नाव आहे, आत्या. डिजिटल डिटॉक्स!” फिमदाव ओसरीवरून कुजबुजली. “आठ दिवसांत मोबाइलला हात लावलेला नाही त्यानं.”

खामनोई चिकट भाताची टोपली उतरवत होती. “नसेल त्याच्याकडे.”

थायलंडातल्या नान नदीकाठच्या त्यांच्या घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. जाहिरात फिमदाव करी, आणि प्रवासातला प्रत्येक नवा शब्द तिला पाठ असे. बुन्लोम नावाच्या ह्या पाहुण्यानं तर तिला वेडच लावलं होतं. गादी बाजूला सारून तो जमिनीवर तीन घोंगड्यांत झोपे, ते मिनिमल. दुपारी तीनला जेवला की सकाळपर्यंत तोंडात घास नाही, ते फास्टिंग. पहाटे उठून दाराशी बसे, पण आत्यानं दार उघडेपर्यंत बाहेर पाऊल टाकत नसे. आणि आंघोळीला मोजून नऊ तांबे पाणी.

“ह्याला अजून शब्दच निघालेला नाही,” ती कौतुकानं म्हणाली. “मीच काढते. आज त्याचा फोटो टाकते.”

“नको म्हणाला ना तो?”

“लाजतोय गं! असं साधं जगणारा माणूस लोकांना दिसायला नको? बाबा असेच होते. सहा वर्षं तैवानला राहिले, आणि आले एका पिशवीनिशी.”

खामनोईनं टोपलीवर झाकण ठेवलं.

आदल्या दिवशी देवळात भिक्खूंनी मात्सीचा अध्याय गायला होता. हरवलेली लेकरं रानभर शोधणाऱ्या आईची ती हाक. सगळा मंडप रडला. लोक डोळे पुसून घरी गेले, बुन्लोमला मात्र उठवेना. त्याची आई नदीपलीकडच्या गावात राहायची. तो रोज नावेची वेळ विचारी आणि रोज नाव सोडून देई.

आज तो पिशवी घेऊन नावेपाशी उभा होता. खामनोईनं त्याच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला.

“जा पोरा. तिथलं दार तुझं तू उघडायचं हं.”

नाव सुटली. फिमदावनं मोबाइल उचलला. आत्यानं तिचा हात घट्ट धरला.

“निदान पाठमोरा तरी, आत्या! ही नवी जीवनशैली लोकांना—”

“नवी कुठली? तुझे बाबा परत आले तेव्हा तेही नऊच तांबे घ्यायचे.”

“तैवानची सवय,” फिमदाव हसली.

“तैवानात पाणी मोजून देत नाहीत, बाळ. तुरुंगात देतात.”