माळ्यावरची फणसपोळी

चिपळूणच्या दमयंतीबाई वाशिष्ठी नदीच्या पुराच्या धास्तीने दर पावसाळ्याआधी माळ्यावर तांदूळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे कॅन चढवत. नवरा, भिकाजीराव, हसून विचारी, "वाशिष्ठी जेवायला येत्ये काय गो?" आणि गुपचूप फणसपोळी पळवी.

मागच्या पुरात ते शेजाऱ्यांची म्हैस सोडवायला गेले. म्हैस परत आली.

यंदाही फणसपोळी कमी होत होती. डबा मात्र घट्ट बंद. बाईंनी उंदराला नावं ठेवली आणि पोळ्या दुप्पट केल्या.

आज दुपारी भोंगा वाजला. पाणी उंबऱ्याशी आलं, आणि गुडघ्यांनी बाईंना शिडीच्या मध्यावरच दगा दिला.

वरून एक थंडगार, चिकट हात खाली आला. त्याला फणसाचा वास होता.

"एवढं पाणी भरून ठेवलंय वर, हात तरी धुवायचेत हो," म्हणत बाईंनी तो घट्ट धरला.