मैनाआजीचा वाटा

“निम्मी माजी गो बाय. नि तू सोता आणून देयाची. पोरांच्या हाती धाडायची नाय.”

मैनाआजीचा तो आवाज सकाळपासून नमिताबाईंच्या कानात होता. महिन्यापूर्वी अंडी देताना तिने तीनदा बजावलं होतं. खाडीकाठच्या या गावात रीतच तशी. अंडी एकाची, उबवणारा दुसरा, पिल्लं निम्मी-निम्मी. नमिताबाई मूळच्या रोह्याच्या. त्यांच्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं. पण चौथीच्या मुलांना पिल्लू बाहेर येताना दाखवायचं होतं. “आणीन. शब्द दिला,” त्या म्हणाल्या होत्या.

आणि आता खोक्यात पिल्लू एकच होतं.

अंडी दहा होती. मासळीवाल्याकडून आणलेला थर्माकोलचा खोका, आत बल्ब, वाटीभर पाणी. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा फिरवायची. नमिताबाईंनी त्याचाही नेम केला. रविवारीसुद्धा रामवाडीच्या आपल्या खोलीवरून मिनीडोरने यायच्या, शाळेचं कुलूप काढायच्या, मनात नाम घेत अंडी फिरवायच्या आणि दिवसभर रिकाम्या बाकांसमोर बसून राहायच्या. पाचच्या गाडीने परत. सांजवात चुकवायची नाही. आई गेल्यापासून अकरा वर्षं ती चुकली नव्हती. मग एकटीचं जेवण. जेवताना रेडिओ लावायच्या, खोलीत कुणी बोलत असावं म्हणून.

विसाव्या रात्री खांबावरची तार तुटली. सकाळी बल्ब थंड होता. दोन दिवसांनी एका अंड्याला आतून टोच पडली, तेव्हा साऱ्या वर्गाने श्वास रोखून धरला. बाकीच्या नऊंची आणखी दोन दिवस वाट पाहिली. मग मुलांनी ती शाळेमागे पुरली. वर तगरीची फुलं ठेवली.

उरलेलं पिल्लू सारखं ओरडायचं. दाणे होते, ऊब होती, तरी ओरडायचं. शेवटी नमिताबाईंनी पर्समधला छोटा आरसा खोक्यात उभा केला. पिल्लाने आरशात पाहिलं, काचेला अंग टेकलं आणि झोपलं.

“बाई, एका पिल्लातलं निम्मं आजीला कसं देणार?” प्रतीक्षाने विचारलं.

“चोच तिला देऊ,” मिथुन म्हणाला. “ओरडणं तिकडे जाईल!”

वर्ग हसला. नमिताबाईही हसल्या. पण मुलं घरी गेल्यावर पुन्हा तोच प्रश्न समोर आला. खिचडी शिजवणारी अनिता नळावर टोप घासत होती.

“अनिता, मी सगळंच देऊन टाकते तिला. शब्द तरी राहील.”

“ती काय करनार पिल्लाचं?” अनिता म्हणाली. “तिच्या खुराड्यात दोन वर्षं लाकडं भरलीत. ती अंडी माझ्या घरची. मागून नेली नि तुम्हाला दिली.”

“मग वाटा कशाला मागितला?”

अनिताचा हात थांबला. “गेल्या पावसात तापाने पडली होती. तिसऱ्या दिवशी कळलं आम्हाला. तवापासून वस्तू देत सुटलीय. माझ्याकडे तिची चाळण हाय. विमलबाईकडे खलबत्ता. जनूकडे कोयता. नको म्हटलं तरी हातात देते. मागायला कधी येत नाय. आपली दारात बसून असते, कोन परत द्यायला येतंय का बघत.”

“मग दिलं का कुणी परत?”

“राहूनच जातं, बाई.”

रस्त्यावर पाचच्या मिनीडोरने हॉर्न वाजवला. ड्रायव्हरला ठाऊक होतं, बाई चुकत नाहीत. त्याने थोडं थांबून पुन्हा वाजवला. नमिताबाई खुर्चीवर बसून राहिल्या. गाडी निघून गेली. पुढची साडेसातला.

देव मैनाआजीच्या घरीही असेलच, त्यांना वाटलं.

त्यांनी बुटांच्या रिकाम्या खोक्यात आपला रुमाल अंथरला. पिल्लू अलगद उचलून आत ठेवलं. ते ओरडू लागलं. आरसा त्यांनी टेबलाच्या खणात टाकला.

“जाताय तर माझ्याकडची चाळण पन...” अनिता बोलता बोलता थांबली. “नको. राहू द्या. ती मीच नेईन.”

मिठागराच्या बांधाने नमिताबाई चालू लागल्या. टोकाला एकच घर होतं. दारात कुणीतरी बसलेलं इथूनही दिसत होतं. खोका त्यांनी पदराखाली धरला होता.

सगळं देऊन टाकते, असं त्या मघाशी म्हणाल्या होत्या. आता तसं करायचं नव्हतं. वाटा निम्म्याचा ठरला होता, तर निम्माच द्यायचा. रात्री पिल्लू मैनाआजीचं, दिवसा शाळेचं. म्हणजे रोज संध्याकाळी ते पोचवायला जावं लागेल आणि रोज सकाळी आणायला.