सोळा पेट्या

नवरा सीमेवर गेला आणि मधुरिमा लेकीला घेऊन चंदीगडच्या क्वार्टरमध्ये आली. सोबत त्याने भरून दिलेल्या सोळा काळ्या लोखंडी पेट्या. त्यांच्यावरचे पांढरे टपोरे नंबर तिच्या डोळ्यांत खुपायचे. तिने आधी जाड कागद, मग वर खणाचं कापड चिकटवून सगळ्या पेट्या एकसारख्या मढवल्या. शेजारीण म्हणाली, "पेटियाँ लगती ही नहीं, जी!"

दिवाळीच्या तोंडावर शेतातल्या जळत्या परालीचा, भाताच्या खुंटांचा धूर दाटला. "मम्मा, सांस नहीं आ रही!" लेकीला धाप लागली. वाफेचं मशीन सापडेना. रडत रडत मधुरिमा एकेक पेटी उपसत सुटली. कसाबसा नवऱ्याला फोन लागला.

 

"घाबरू नकोस गं. अकरा नंबरच्या पेटीत आहे. वरच लिहिलंय बघ, मोठ्या अक्षरात."