माशांचा घाम

“मग मगरीनं दवंडी पिटवली,” गावाचा लाडका म्हातारा गोष्टीवाला बा थॉ सांगत होता, “की माशांच्या रडण्यानं नदी खारट व्हायला लागलीय, तेव्हा आजपासून रडायला बंदी. मासे म्हणाले, सरकार, तुम्ही रोज आमची पोरं खाता, डोळ्यांत पाणी तर येणारच. मगर म्हणाली, येऊ द्या की. कुणी विचारलं तर सांगा, घाम आलाय.”

चहाच्या दुकानात सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. लष्कराचं राज्य आल्यापासून ब्रह्मदेशातल्या या पकोक्कू गावात माणसं हसण्याआधी दाराकडे बघून घेत. तेवढ्यात चो वे फस्सकन हसला. चिरूट वळून पोट भरणारा साधा माणूस तो. हसता हसता त्याचा चहा लुंगीवर सांडला. त्याची बायको सान यी शेजारीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सैनिक त्याला कामावरून उचलून घेऊन गेले.

सान यी तडक बा थॉच्या घरी आली. “काका, गोष्ट तुम्ही सांगितलीत आणि नेलं माझ्या माणसाला.”

म्हाताऱ्यानं मान डोलावली. “खरं आहे, पोरी.”

“तुम्हाला ते हात लावत नाहीत. गाव पेटेल म्हणून घाबरतात. तुम्ही बोललात तर सोडतीलही.”

“चल,” म्हणत तो उठला. “मगर मी आणली, मीच निस्तरतो.”

चहाच्या दुकानावरून ते निघाले तेव्हा बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. मालकीण रस्त्यात आडवी आली. “काका, या वयात कशाला मगरीच्या जबड्यात जाताय?”

“कुणीतरी जायला हवं ना,” बा थॉ म्हणाला. तिनं डोळे पुसले आणि बाजूला झाली.

छावणीच्या फाटकाशी सान यीनं भात आणि सुक्या माशांचा डबा त्याच्या हातात दिला. “एवढं त्यांना द्या. सकाळपासून काही खाल्लं नसेल.” तिला आत सोडलं नाही. ती उन्हातच थांबली.

आत कॅप्टननं दार लावून घेतलं.

“आज दिवसाढवळ्या, काका?”

“पोरगी घरी आली, साहेब. नसतो आलो तर लोकांना संशय आला असता.”

“बसा. मगर झकास जमली होती म्हणे. पण एवढी गर्दी आणि नाव एकच?”

“लोक फार जपून असतात हल्ली.”

कॅप्टन खिडकीपाशी गेला. फाटकाबाहेर सान यी कपाळावर हात आडवा धरून इकडेच बघत होती.

“ही त्याची बायको ना? ही नाही हसली?”

बा थॉनं डबा टेबलावर ठेवला.

“तोंडावर हात होता तिच्या,” तो म्हणाला. “पण खांदे हलत होते.”