गैरहजेरीचा फोन

“काल गुडघा होता. आज काय?” मास्तरांनी फोनवर विचारलं.

“गुडघाच. पण काल उजवा होता, आज डावा आहे,” पलीकडून सबबकाका म्हणाले.

“मग दोन्ही घेऊन या. मी बघतो त्यांच्याकडे.”

व्यायाम करणारे हसले. वहिनी हसल्या नाहीत. वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. फी घेणं, टॉवेल वाळत घालणं आणि मास्तरांना आवरणं, ही या छोट्या जिममधली तिन्ही कामं त्यांच्याकडे होती. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला.

“आता बास झालं. सकाळीच तो चष्म्यांचा दुकानदार जिममधून नाव काढून घेऊन गेला. म्हणे, तुमचा फोन वाजला की छातीत धडधडतं. अहो, व्यायामानं धडधडायला हवं होतं, ते तुमच्या फोननं धडधडतंय!”

हे खोटं नव्हतं. जो आला नाही त्याला त्याच दिवशी फोन करायचा, ही मास्तरांची जुनी खोड होती. कोण आलं नाही हे त्यांना कुठे बघावं लागत नसे. पंगतीत पोरं जेवायला बसली की कोण कमी आहे ते आईला मोजावं लागत नाही, तसंच ते होतं. ते रागवायचे, चिडवायचे, तिरकं बोलायचे, पण फोन चुकवायचे नाहीत.

“चौकातल्या त्या नव्या जिमकडे बघा जरा,” वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. “काचा काय, गार हवा काय! पण नाव घातलेले सगळे एका दिवशी आले ना, तर तिथे उभं राहायला जागा पुरायची नाही. त्यांचा धंदा न येणाऱ्यांवर चालतो. न येणारा मशीन झिजवत नाही, घाम गाळत नाही, पंखा लावा म्हणत नाही. असा माणूस आपण डोक्यावर घेऊन नाचायला हवा. आणि तुम्ही त्याला फोन करून करून पळवून लावता!”

जागेचा करार संपत आला होता. आहेत तेवढी माणसं टिकली तरच तो पुढे चालू ठेवणं जमणार होतं. आणखी दोघंतिघं गेली की शटर खाली ओढायचं, असं नवराबायकोचं आधीच ठरलं होतं. उगाच ओढाताण करून हसं करून घ्यायचं नाही.

“नाही करणार फोन,” शेवटी मास्तर म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. आणि गंमत म्हणजे वहिनींचं सगळं खरं ठरलं. कुणी नाव काढून घेतलं नाही. कुणी कुरकुर केली नाही. फी वेळच्या वेळी येत राहिली, फक्त माणसं येईनाशी झाली. संध्याकाळी जिथे बेंचसाठी भांडणं व्हायची, तिथे आता रेडिओ एकटाच बडबडत असे. मास्तर कुरकुर न करणाऱ्या पुलीला तेल घालत बसायचे. कुणी वापरलेच नव्हते ते डंबेल पुसायचे. त्यांना फार वाईट वाटायचं. पण बायकोचं चुकलं म्हणायची सोय नव्हती, कारण हिशेब तिच्या बाजूनं बोलत होता. वहिनींना मात्र कितीतरी दिवसांनी शांत झोप लागू लागली होती. करारावर सही करायचा दिवससुद्धा त्यांनी मनात पक्का केला.

अशात एका सकाळी सबबकाका आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. जिना ते एका दमात चढले. दोन्ही गुडघे ठणठणीत होते.

“वहिनी, माझं नाव काढा. माझ्याबरोबर येतो त्या टेलरचं आणि त्याच्या बायकोचंही. त्यांनी सांगून पाठवलंय.”

वहिनी हातातला टॉवेल टाकून पुढे आल्या. “काका, पण का? अहो, इतक्या दिवसांत आम्ही तुम्हाला एक फोनसुद्धा केला नाही!”

“नाही ना केलात,” काका खुर्चीत टेकत म्हणाले. “पहिल्या दिवशी मी सबब तयार ठेवली होती. मेहुण्याच्या डोळ्याचं ऑपरेशन. झकास होती हो! फोन काही आला नाही. म्हटलं, मास्तर कामात असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, आजारीच पडले की काय. मग टेलरला विचारलं. त्यालाही नाही, त्याच्या बायकोलाही नाही.”

“फोनचा तुम्हाला त्रास होतो असं वाटलं आम्हाला.”

“होतोच की! शिव्या घालत उचलायचो मी. पण शिव्या घालत का होईना, दुसऱ्या दिवशी यायचो.”

मास्तर आतून बाहेर आले होते. हातातली तेलाची बाटली तशीच धरून ते उभे राहिले. वहिनींना त्यांच्याकडे बघवेना. त्या घाईघाईनं म्हणाल्या, “तसं असेल तर आजपासून करतील ना ते फोन. तुम्ही नाव राहू द्या.”

“काल तिघांनीही त्या चौकातल्या जिममध्ये पैसे भरले, वहिनी,” काका ओशाळून म्हणाले.

“तिथे? तिथे तर तुम्ही आलात की नाही हेसुद्धा कुणी विचारणार नाही!”

“ते माहितीये. पण आता इथेही कुणी विचारत नव्हतं,” काका उठले. “आणि नुसतं न जायचंच असेल, तर न जायला ते घराजवळ पडतं.”