दुसरी भाकरी

"भूक न्हाय," म्हणत जिनेशनं सलग आठव्या दिवशी दुसरी भाकरी परत केली, तेव्हा रत्नाबाईंच्या काळजात चर्र झालं. उसाचा ट्रॅक्टर उलटून लेकाचा मणका मोडला, कमरेखालचं अंग लुळं पडलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत रत्नाबाईच त्याला उचलून ठेवत. आता पोरानं अन्नावरच राग धरला, असं त्यांना वाटलं.

"जगायचं न्हाय काय रे तुला?" त्या ओरडल्या.

जिनेशनं चाकाची खुर्ची पलंगाला भिडवली, ब्रेक लावला आणि दोन्ही तळहात टेकून अंग उचललं. दंड थरथरू लागले. तोल जाऊन तो कलला, तशा रत्नाबाई धावल्या.

"हात लावू नगंस!"

त्या जागीच थिजल्या. दात आवळून तो तसूतसूनं सरकला आणि धप्पकन खुर्चीत बसला.

"डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं तरच हातांना पेलंल," तो धापा टाकत म्हणाला. "मला जगायचं हाय की, आई. तुझ्या माघारीबी."